मालगाडीवरच्या नोकरीचं पहिलं ठिकाण कसं निवडावं

रेल्वेत असिस्टंट लोको पायलट (एएलपी, म्हणजे इंजिनचालकाचा सहायक) व्हायला निघालेल्या बहुतेकांकडे ठिकाण ठरवायचा एकच निकष असतो: घरापासून किती लांब? निकष वाईट नाही, पण एकट्या त्याच्या भरवशावर फॉर्म भरण्यासारखाही नाही. मेल-एक्स्प्रेसच्या क्रूला ‘लिंक’ असते, म्हणजे कोणत्या दिवशी कोणती गाडी घ्यायची हे आधीच ठरलेलं असतं. गुड्सच्या, म्हणजे मालगाडीच्या, क्रूला फोन येतो. तो रात्री दीडला येईल, नाही तर ताटावर बसल्या बसल्या. त्यामुळे गाव तीस किलोमीटरवर असून सणाला घरी नाही, आणि चारशे किलोमीटरवर असून महिन्यातून दोनदा निवांत जाऊन आलो, अशी दोन्ही उदाहरणं एकाच लॉबीत, म्हणजे क्रू जिथे ड्यूटीवर हजर होतो त्या कार्यालयात, सापडतात.

माझा क्रम असा आहे: पहिला नंबर वरिष्ठता यादीला, दुसरा लॉबीच्या कामाच्या पद्धतीला, आणि नकाशावरच्या अंतराला तिसरा. पुढे सगळं याच क्रमाच्या समर्थनार्थ आहे, फक्त सांगताना फॉर्मपासून सुरुवात करावी लागेल.

लेख एएलपी समोर ठेवून लिहिला आहे. गुड्स ट्रेन मॅनेजर, म्हणजे जानेवारी २०२२ पर्यंत ज्यांना गुड्स गार्ड म्हणत, त्यांची भरती एनटीपीसी या रेल्वेच्या बिगर-तांत्रिक पदांच्या परीक्षेतून होते, पण लॉबी, कॉल (ड्यूटीचं बोलावणं), रनिंग रूम (बाहेरगावी क्रूच्या मुक्कामाची जागा) आणि बदलीच्या अडचणी सारख्याच. त्यांनीही वाचायला हरकत नाही.

ठिकाण एकदा नाही, चार वेळा ठरतं

आधी आरआरबी, म्हणजे रेल्वे भरती मंडळ, मग झोन (मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे असे), मग विभाग, आणि शेवटी हेडक्वार्टर, म्हणजे जिथल्या लॉबीत तुम्ही साइन ऑन करणार, ड्यूटीवर हजेरी लावणार, ते स्टेशन.

पहिली निवड पूर्ण तुमची. देशात २१ आरआरबी आहेत आणि एएलपीसाठी त्यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. दुसरी निवड अर्धी तुमची: त्या आरआरबीकडे एकाहून जास्त झोनच्या जागा असतील तर पसंतीक्रम द्यायचा असतो, आणि गुणवत्तेनुसार वाटप होतं. तिसरी निवड झोन करतो, रिकाम्या जागा बघून. चौथी विभाग करतो, आणि इथे पुन्हा तुमच्या हातात थोडंसं येतं, कारण प्रशिक्षणानंतर बॅचला पर्याय विचारले गेले तर वरच्या नंबरवाल्यांचं आधी ऐकलं जातं. म्हणून ‘मला अमुक स्टेशन हवं’ असं ठरवून फॉर्म भरू नका. ‘या झोनमधलं कुठलंही स्टेशन आलं तर मी राहीन का?’ हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल, तर तो झोन खाली ढकला.

महाराष्ट्राचा रेल्वे नकाशा जिल्ह्यांच्या नकाशासारखा नाही

इथे पुष्कळांचा घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

मध्य रेल्वेचे पाच विभाग: मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर. मराठी मुलांचा पहिला ओढा इकडेच, आणि ते साहजिक आहे. पण विभागाच्या नावावर जाऊ नका. सोलापूर विभाग कर्नाटकात वाडीपर्यंत जातो. भुसावळ विभागात मध्य प्रदेशातलं खंडवा येतं. नागपूर विभागात आमला येतं, तेही मध्य प्रदेशातच. ‘सोलापूर मिळालं’ म्हणून पेढे वाटले आणि ऑर्डर वाडीची निघाली, हे अगदी शक्य आहे. सीमाही कायमच्या नसतात. दौंड वर्षानुवर्षं सोलापूर विभागात होतं, ते अलीकडे पुणे विभागात आलं.

नागपूरला दोन वेगवेगळे विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. दुसऱ्याकडे इतवारी, गोंदिया, नागभीड आणि छत्तीसगडातलं डोंगरगड येतं. शहर एक असलं तरी वरिष्ठता याद्या वेगळ्या, झोन वेगळा, अधिकारी वेगळे. भंडारा-गोंदियाच्या मुलाला घराजवळ यायचं असेल तर त्याला मध्य रेल्वेपेक्षा ही रेल्वे जवळची.

खानदेशात जळगाव-भुसावळ मध्य रेल्वेत, पण नंदुरबारवरून जाणारा उधना मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागात. पालघर, डहाणूही तिकडेच. मराठवाड्यात नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा, मुख्यालय सिकंदराबादला. लातूर शहर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, आणि लातूर रोड जंक्शन मात्र दक्षिण मध्य रेल्वेत. परळीचंही तसंच. अकोल्याला मध्य आणि दक्षिण मध्य रेल्वे एकमेकींना भेटतात.

सांगली, सातारा, कोल्हापूर हे पुणे विभागात. मिरजेच्या दक्षिणेला बेळगाव, लोंढा आणि तिथून गोव्यात कुळे, वास्को, हा सगळा दक्षिण पश्चिम रेल्वेचा हुबळी विभाग. रोह्यापासून पुढे ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे, आणि ती आपली भरती स्वतः करते. आरआरबीचा फॉर्म भरून रत्नागिरीची वाट बघत बसू नका, तो रस्ता वेगळा आहे.

फॉर्म भरताना

२०२४ च्या भरतीत मुंबई आरआरबीच्या यादीत मध्य, पश्चिम आणि दक्षिण मध्य अशा तीन रेल्वेंच्या जागा होत्या. बिलासपूरच्या यादीत दक्षिण पूर्व मध्य रेल्वेबरोबर मध्य रेल्वेच्याही होत्या. म्हणजे विदर्भातल्या उमेदवाराला मध्य रेल्वेत शिरायचं एकच दार नव्हतं. प्रत्येक जाहिरातीत हा तक्ता बदलू शकतो, म्हणून जाहिरातीच्या परिशिष्टातला झोननिहाय तक्ता स्वतः उघडून वाचा. क्लासवाल्याने व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो पुरेसा नाही.

जागांच्या आकड्यावर फार हिशेब करू नका. २०२४ ला आधी ५,६९६ जागा जाहीर झाल्या, मग त्या वाढून १८,७९९ झाल्या आणि उमेदवारांना आरआरबी बदलायची संधी द्यावी लागली. २०२५ च्या जाहिरातीत ९,९७० जागा होत्या. ज्यांनी पहिला तक्ता बघून ‘इथे कटऑफ कमी लागणार’ असा सट्टा लावला, त्यांचं गणित पाचेक महिन्यांत शिळं झालं.

कटऑफसाठी दूरची आरआरबी घेणारे असतात. मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. वय संपत आलं असेल, घरची परिस्थिती असेल, तर नोकरी मिळणं पहिलं. पण मग ‘दोन वर्षांत बदली करून येईन’ या आशेवर जाऊ नका. ती आशा किती महाग पडते ते शेवटी येईल. दूर जायचं तर तिथे राहायच्या तयारीने जा. भाषेचा विचारही आत्ताच करा: वॉकीटॉकीवर हिंदी चालून जातं, पण भाड्याची खोली, दवाखाना आणि पोरांची शाळा हिंदीवर सगळीकडे चालत नाही.

माल बघा, मग स्टेशन बघा

दोन लॉबींत पगाराची श्रेणी एकच असते, तरी आयुष्य वेगळं असतं, कारण तिथून जाणारा माल वेगळा असतो.

बल्लारशाह, वणी, माजरी, घुग्घुस हा कोळशाचा पट्टा. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतून रेक, म्हणजे मालगाडीचे जोडलेले डबे, भरून निघतात आणि चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा अशा औष्णिक केंद्रांकडे जातात. अंतर कमी, पण वेळ फार खातं. सायडिंगमध्ये, म्हणजे खाणीकडे जाणाऱ्या फाट्यावर, लोडिंग पूर्ण व्हायची वाट बघणं, लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाइनवर, उभं राहून मागून येणाऱ्या मेल गाड्यांना वाट देणं, यात पाळी संपते. मायलेज, म्हणजे किलोमीटरवर मिळणारा रनिंग भत्ता, त्यामुळे तास मोजून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यात विदर्भाचा उन्हाळा. नव्या इंजिनांच्या कॅबमध्ये एसी आहे, पण तुमच्या वाट्याला जुनं इंजिन येणारच नाही असं कुणी लिहून देत नाही. याची दुसरी बाजू अशी की अशा ठिकाणी काम आटलं असं सहसा होत नाही आणि रात्री आपल्याच घरी परतायची शक्यता बरी असते.

घाट हा वेगळाच विषय. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट आणि कसारा ते इगतपुरी हा थळघाट, दोन्हीकडे चढ १:३७ चा. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय जड गाडी चढत नाही, आणि उतरताना ब्रेकची परीक्षा त्याहून मोठी. गोव्याच्या बाजूला कॅसलरॉक ते कुळे तसाच चढ आहे, मुरगाव बंदरातला कोळसा तिथून वर कर्नाटकात जातो. नव्या माणसाने घाटाला घाबरून पळू नये असं माझं मत. ज्याचा हात घाटात तयार झाला तो सपाटीवर कुठेही गाडी चालवतो. मात्र घाटातल्या लॉबीचं काम तेवढ्याच तुकड्यात फिरतं. वर, खाली, पुन्हा वर. काहींना हे आवडतं कारण घर सुटत नाही, काहींना वर्षभरात कंटाळा येतो.

पनवेल आणि जेएनपीटीकडे, म्हणजे न्हावा शेवा बंदराकडे, कंटेनर. इथे जहाजाच्या वेळेचा ताण मालगाडीवर येतो, शिवाय मुंबईच्या लोकल गर्दीतून गाडी काढायची म्हणजे पाळीचे किती तास उभं राहण्यात जातील याचा नेम नाही. दादरी ते जेएनपीटी या १,५०६ किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालमार्गामुळे पश्चिम रेल्वेच्या जुन्या मार्गावरची मालवाहतूक जागा बदलत आली आहे. अशा वेळी एखाद्या लॉबीचं काम कमी होतं, दुसरीचं वाढतं, आणि माणसं हलवली जातात. पश्चिम रेल्वेत जाणाऱ्याने ‘या लॉबीच्या गाड्या कोणत्या मार्गाने जातात?’ हे विचारून ठेवावं.

भुसावळ हे मोठं यार्ड, विद्युत लोको शेड, झोनल प्रशिक्षण संस्था आणि रेल्वेवरच वाढलेलं गाव. इटारसी, नागपूर आणि मुंबई अशा तिन्ही बाजूंची वाहतूक इथून जाते, म्हणून नव्या माणसाला शिकायला यासारखी जागा कमी. वाडीकडे सिमेंट, मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे डेपो. नांदेड विभागात मालवाहतूक त्या मानाने हलकी, म्हणून दगदग कमी आणि मायलेजही कमी.

सोळा तासांचं गणित

नियम असा: आठ तास किंवा जास्त ड्यूटी केली तर हेडक्वार्टरला १६ तास विश्रांती, त्याहून कमी केली तर १२ तास. ऐकायला भरपूर वाटतं. पण कॉल साइन ऑनच्या दोन तास आधी येतो आणि ते दोन तास याच सोळात मोजलेले असतात. राहिले चौदा. घर लॉबीपासून दीड तासावर असेल तर जाण्यायेण्यात तीन गेले. अंघोळ, जेवण, बाजार, मुलाचा अभ्यास, कपडे. झोपेला काय उरलं ते तुम्हीच काढा. आणि ती झोप रात्रीच येईल असं नाही. सकाळी नऊला साइन ऑफ केलेल्याला भर दुपारी, खाली लग्नाचा बँड वाजत असताना झोपावं लागतं.

म्हणून घर ‘गावाजवळ’ नको, लॉबीजवळ हवं. कल्याण लॉबी मिळाली आणि भाडं स्वस्त म्हणून टिटवाळ्याला किंवा बदलापूरला खोली घेतली, तर लक्षात ठेवा की रात्री एकच्या सुमारास लोकल थांबतात आणि पहाटे चारच्या आसपास सुरू होतात. मालगाडीचा कॉल नेमका त्याच पोकळीत पडायची खोड असते. दुचाकी नसेल तर रिक्षाला महिन्याचं वाचलेलं भाडं जाईल.

बाहेरच्या मुक्कामाचंही विचारा. काही लॉबींची माणसं जाऊन त्याच दिवशी परत येतात, काहींची एका रनिंग रूममधून दुसरीकडे अशी भटकंती चालते. क्रूला हेडक्वार्टरबाहेर ७२ तासांपर्यंत ठेवता येतं, आणि ही मर्यादा कमी करावी ही रनिंग स्टाफच्या संघटनांची जुनी मागणी आहे. नियतकालिक विश्रांती, जिला सगळे पीआर म्हणतात, महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच. कागदावर सगळीकडे सारखी. लॉबीत माणसं कमी असतील तर ती पुढे ढकलली जाते, आणि घरचे कार्यक्रम पीआरवरच बेतलेले असतात. एखाद्या लॉबीत एएलपींच्या जागा किती मंजूर आणि किती भरलेल्या, हा आकडा कळला तर तुमच्या पुढच्या दिवाळीचं भविष्य कळलं म्हणा.

वरिष्ठता यादी वाचायला शिका

ज्याने फक्त एवढा एकच भाग वाचला त्यालाही माझी हरकत नाही.

एएलपी लेव्हल २ मध्ये, १९,९०० मूळ पगारावर लागतो. पुढे सीनियर एएलपी, मग शंटर (यार्डात इंजिनं-डबे हलवणारा) किंवा लोको पायलट गुड्स, मग पॅसेंजर, मग मेल. ही शिडी विभागाची असते, देशाची नाही. तुमची बढती तुमच्याच विभागात वर किती जागा रिकाम्या होतात यावर ठरते. एकाच दिवशी लागलेले दोन मित्र, एक या विभागात, एक त्या, यांच्यात लोको पायलट व्हायला काही वर्षांचा फरक पडू शकतो. हुशारीचा त्यात काही संबंध नसतो.

विभाग आपल्या वरिष्ठता याद्या आणि बढतीचे आदेश रेल्वेच्या संकेतस्थळावर कार्मिक शाखेच्या पानावर टाकतात. यादी उघडा आणि तीन गोष्टी शोधा.

एक, लोको पायलट गुड्स, पॅसेंजर आणि मेल यांच्या जन्मतारखा. निवृत्ती साठीला. पुढच्या पाच-सात वर्षांत किती जण जाणार ते मोजा. मेलवाला निवृत्त झाला की त्याच्या जागी पॅसेंजरवाला, त्याच्या जागी गुड्सवाला आणि मग एएलपी, अशी साखळी हलते.

दोन, शेवटच्या बढतीच्या आदेशात सर्वांत धाकटा माणूस कोणत्या साली एएलपी लागला होता. हा आजचा खरा वेग.

तीन, तुमच्या आधी किती एएलपी रांगेत आहेत. समजा, एका विभागात सातशे एएलपी पुढे आहेत आणि दरवर्षी साठेक लोको पायलट निवृत्त होतात. दुसऱ्यात पुढे तीनशे आणि निवृत्त होणारे पन्नास. दुसरा विभाग गावापासून दोनशे किलोमीटर जास्त लांब असला तरी मी तोच घेईन. नवीन मार्ग, जादा गाड्या, मंजूर पदांमधले बदल यांनी हे गणित हलतं, तरी दिशा कळते.

मुंबईची एक गोष्ट वेगळी. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागांत मालगाडीच्या लोको पायलटला लोकलचा मोटरमन होता येतं. ठरलेली लिंक, घरी राहायला जास्त मिळतं, रनिंग रूमची भटकंती कमी. मुंबईची महागाई आणि सुरुवातीची फरफट सोसून कित्येक जण टिकतात ते याच आशेवर. ज्याला मुंबईत संसार करायचाच आहे त्याने हा हिशेब जरूर धरावा. ज्याला मुंबईचं नाव काढलं तरी जीव गुदमरतो, त्याने मोटरमनच्या पगाराच्या गप्पा ऐकून तिकडे वळू नये.

रुजू व्हायची तारीख पुढे ढकलू नका

बहिणीचं लग्न आहे, पंधरा दिवस मुदत मागू का? असा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर: लग्नाला जा, पण रुजू होऊन, रजा मागून. प्रशिक्षण संस्थेत जावं लागणाऱ्या पदांची वरिष्ठता प्रशिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेतल्या गुणांवर लागते, आणि स्वतःच्या कारणाने नंतरच्या बॅचला गेलेला आधीच्या बॅचच्या खाली जातो. त्या पंधरा दिवसांमुळे तुमच्या वर जी नावं बसतात ती निवृत्तीपर्यंत वरच राहतात.

त्याच कारणाने प्रशिक्षणाला ‘नोकरी लागली, आता आराम’ समजू नका. आरआरबीतले गुण तुम्हाला विभागापर्यंत आणतात. संस्थेतले गुण यादीतला नंबर देतात, आणि हेडक्वार्टरचे पर्याय विचारले गेले तर तोच नंबर उपयोगी पडतो.

लॉबीत जाऊन बघा

विभाग कळला की प्रशिक्षणाच्या काळात एखाद्या सुट्टीला दोन-तीन लॉबींमध्ये चक्कर मारा. अधिकाऱ्याला भेटायची गरज नाही. सीएमएसच्या, म्हणजे क्रूची हजेरी घेणाऱ्या, मशीनपाशी साइन ऑफ करून, ब्रेथ ॲनालायझरवर फुंकून बाहेर आलेल्या, हातात ट्रॉली बॅग असलेल्या एखाद्या सीनियरला चहा पाजा. ‘साहेब, मी नवीन लागलोय’ म्हटलं की माणसं मोकळी बोलतात. संध्याकाळची वेळ टाळा, तेव्हा सगळ्यांना घरी पळायचं असतं.

विचारायचं ते असं:

- शेवटच्या चार पीआर वेळेवर मिळाल्या का?
- महिन्याला साधारण किती किलोमीटर होतात, आणि किती वेळा स्पेअर जावं लागतं, म्हणजे गाडी न चालवता प्रवासी म्हणून?
- गणपतीला किंवा दिवाळीला रजा मागितली तर काय होतं?
- क्वार्टर मिळतं का, आणि मिळालं तर राहण्यासारखं आहे का?
- समोरच्या टोकाची रनिंग रूम कशी आहे? जेवण, पंखे, शांतता?
- नव्या एएलपींना यार्डात शंटिंगला किती काळ अडकवून ठेवतात?

‘इथे चांगलं आहे का?’ असं मोघम विचारू नका. त्याला ‘ठीक आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. आणि एकाच माणसाचं ऐकून ठरवू नका. आदल्या रात्री चौदा तास लूपमध्ये काढलेला माणूस जगातल्या कुठल्याच लॉबीबद्दल बरं बोलणार नाही.

मुलींनी दोन गोष्टी वेगळ्या बघाव्यात: लॉबीत आणि समोरच्या रनिंग रूममध्ये महिलांसाठी स्वतंत्र खोली आणि स्वच्छतागृह आहे का, आणि त्या लॉबीत आधीपासून महिला क्रू आहेत का. बहुतेक इंजिनांत शौचालयाची सोय नाही, त्यामुळे सेक्शनमध्ये गाड्या किती तास अडकतात हा प्रश्न त्यांच्यासाठी मायलेजपेक्षा मोठा आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८६ मध्ये मध्य रेल्वेत आल्या, आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर पुष्कळ मुली आल्या, पण सोयी प्रत्येक लॉबीत सारख्या पोचलेल्या नाहीत. ज्या लॉबीत आधी महिला काम करतात तिथे निदान भांडून झालेलं असतं.

घरभाडं आणि पास, थोडक्यात

घरभाडे भत्ता सध्या एक्स, वाय, झेड शहरांना ३०, २० आणि १० टक्के. मुंबई, पुणे एक्स. नागपूर, नाशिक, सोलापूर, नांदेड वाय. भुसावळ, बल्लारशाह, दौंड झेड. १९,९०० वर ढोबळ धरलं तर मुंबईत ५,९७० आणि भुसावळला १,९९०. फरक चार हजारांचा, आणि दोन गावांच्या खोलीभाड्यातला फरक त्याच्या कितीतरी पट. भत्त्यासाठी मोठं शहर घेणं हा तोट्याचा धंदा आहे. क्वार्टर घेतलं तर हा भत्ता बंद.

पहिली पाच वर्षं वर्षाला एकच सेट पास मिळतो, बाकी पीटीओ, म्हणजे सवलतीचं तिकीट. दूरच्या झोनमधून दर महिन्याला पासवर घरी येऊ असं कुणी मनात धरलं असेल तर काढून टाका.

बदलीच्या भरवशावर किती राहावं

दुसऱ्या झोनमध्ये स्वतःच्या विनंतीवर बदली घेतली की तिथल्या भरती श्रेणीत तळाशी जावं लागतं. आठ वर्षं नोकरी झालेला एएलपी काल लागलेल्या पोराच्या मागे उभा राहतो. मधल्या काळात लोको पायलट झाला असाल तर पुन्हा एएलपी होऊन जावं लागतं. पगार काही अंशी सांभाळला जातो, रांग सांभाळली जात नाही. म्हणून बदली करायचीच असेल तर बढतीच्या आधी, शक्य तितक्या लवकर.

आपसी बदली, म्हणजे म्युच्युअल, यात नुकसान कमी. दोघे एकमेकांच्या जागी जातात आणि दोघांपैकी ज्याची वरिष्ठता खालची, ती दोघांना लागू होते. त्यामुळे जोडीदार शोधताना त्याच्या गावापेक्षा त्याची रुजू व्हायची तारीख आधी विचारा. तुमच्याच आगेमागे लागलेला सापडला तर सोनं. आणि इथेच पहिल्या निवडीचा पुन्हा संबंध येतो: ज्या ठिकाणी यायला इतर राज्यांतले लोक तयार असतात तिथून म्युच्युअल लवकर जुळतं. बिहार-उत्तर प्रदेशातली पुष्कळ मुलं महाराष्ट्रातल्या विभागांत लागतात आणि त्यांना परत जायचं असतं. तुम्ही तिकडच्या झोनमध्ये असाल तर तुमचं आणि त्यांचं दुखणं एकच आहे. उलट तुम्ही अशा आडबाजूच्या विभागात असाल जिथे कुणालाच यायचं नाही, तर जोडीदार शोधण्यातच वर्षं जातात.

नवरा-बायको दोघेही सरकारी नोकरीत असतील तर त्यासाठी वेगळी तरतूद आहे, तिचा अर्ज स्वतंत्र करा.

बदलीचा अर्ज एचआरएमएस या रेल्वेच्या कर्मचारी पोर्टलवर होतो. दोन्ही झोननी हो म्हटलं तरी ‘रिलीव्ह’ करणं तुमच्या विभागाच्या हातात असतं, आणि माणसं कमी आहेत या कारणावर मंजूर फाईलही पडून राहते. अर्जाचा क्रमांक, दोन्हीकडची संमतीपत्रं आणि प्रत्येक स्मरणपत्राची तारीख स्वतःकडे ठेवा. संघटनेचा लॉबीतला प्रतिनिधी अशा वेळी उपयोगी पडतो, पण त्यालाही हातात कागद लागतो.